साखर, स्वातंत्र्य आणि लंडनचा महापौर

लंडनच्या जुन्या नगरसभागृहात, म्हणजे गिल्डहॉलमध्ये, विल्यम बेकफर्ड या अठराव्या शतकातील धनाढ्य व्यापाऱ्याचा संगमरवरी पुतळा 1772 पासून उभा आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर, राजा तिसरा जॉर्ज याच्यासमोर त्याने लंडनचा महापौर या नात्याने केलेल्या भाषणाचे शब्द सोनेरी अक्षरांत कोरलेले आहेत. हा पुतळा हलवावा असा निर्णय शहराचा कारभार पाहणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने जानेवारी 2021 मध्ये घेतला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो फिरवून, पुतळा जागेवरच ठेवावा व त्याच्याजवळ खुलासा लावावा असे ठरवले. ज्याच्याविषयी एकाच संस्थेने एका वर्षात दोन परस्परविरुद्ध निर्णय घेतले, त्याचे चरित्र एकाच सुरात सांगणे योग्य ठरणार नाही. म्हणून पुढील मांडणीत आपल्याकडील वादपद्धतीचा आधार घेतला आहे, ज्यात आधी मांडल्या जाणाऱ्या मताला पूर्वपक्ष आणि त्याच्या खंडनाला उत्तरपक्ष म्हणतात. येथे पूर्वपक्ष बेकफर्डला नागरी स्वातंत्र्याचा रक्षक मानतो आणि उत्तरपक्ष त्याच्या संपत्तीचा उगम पुढे ठेवतो.

दोन्ही पक्षांना मान्य असलेला वृत्तान्त असा. इंग्लंडने 1655 मध्ये स्पेनकडून जमेका हे कॅरिबियन समुद्रातील बेट जिंकून घेतले आणि त्यानंतरच्या दशकांत तेथे ज्या मोजक्या इंग्रज घराण्यांचा उत्कर्ष झाला त्यांत बेकफर्ड घराणे अग्रभागी होते. विल्यमच्या आजोबाने 1702 मध्ये काही काळ बेटाचा गव्हर्नर म्हणून कारभार पाहिला आणि वडील तेथील विधिसभेचे, म्हणजे वसाहतीतील मळेवाल्यांनी निवडलेल्या कायदेमंडळाचे, अध्यक्ष होते. विल्यमचा जन्म 1709 मध्ये जमेकातच झाला, 1723 मध्ये शिक्षणासाठी त्याला इंग्लंडला पाठवण्यात आले, आणि वेस्टमिन्स्टर शाळा, ऑक्सफर्ड व हॉलंडमधील लायडन अशा ठिकाणी त्याचे शिक्षण झाले. वडील 1735 मध्ये वारले, त्यानंतर थोडक्याच काळात थोरला भाऊही गेला, आणि घराण्याच्या इस्टेटीचा फार मोठा भाग विल्यमच्या हाती आला. काही वर्षे जमेकात राहून तो 1744 मध्ये इंग्लंडला परतला, विल्टशरमधील फाँटहिल ही जमीनदारी त्याने विकत घेतली, 1747 मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि 1754 पासून मृत्यूपर्यंत त्याने लंडन शहराचे प्रतिनिधित्व केले. नगरशासनात तो 1752 मध्ये ऑल्डरमन झाला, 1755 मध्ये शेरीफ झाला, आणि 1762 व 1769 अशा दोन वेळा लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर, निवडला गेला. दुसऱ्या कारकिर्दीतच 21 जून 1770 रोजी त्याचे निधन झाले. मतभेद सुरू होतो तो या घटनांचा अर्थ लावताना.

पूर्वपक्ष : या पदाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. लंडनचा लॉर्ड मेयर हा राजाने नेमलेला अधिकारी नसे. शहरातील व्यवसायांच्या जुन्या श्रेणींना लिव्हरी कंपन्या म्हणत. त्यांचे सभासद दरवर्षी एकत्र जमून ऑल्डरमनांतून, म्हणजे प्रभागांच्या आजीव प्रतिनिधींतून, महापौराचे नाव पुढे करीत. ही परंपरा बाराव्या शतकापर्यंत मागे जाते. ज्या काळात पार्लमेंटातील अनेक जागा बड्या जमीनदारांच्या खिशात होत्या, त्या काळात हजारो व्यापारी व कारागीर ज्यात भाग घेत अशी ही निवडणूक इंग्लंडमध्ये दुर्मिळच होती. बेकफर्डने या पदाचा उपयोग मेजवान्यांपुरता केला नाही. जॉन विल्क्स या पत्रकार-राजकारण्याला मिडलसेक्स परगण्याच्या मतदारांनी 1768 मध्ये निवडून दिले, कॉमन्स सभागृहाने फेब्रुवारी 1769 मध्ये त्याला काढून टाकले, मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडले, आणि अखेर एप्रिलमध्ये 1143 मते मिळवणाऱ्या विल्क्सला डावलून 296 मते मिळवणाऱ्या हेन्री लट्रेलला सभागृहाने निवडून आल्याचे जाहीर केले. प्रतिनिधी कोण असावा हे मतदारांनी ठरवायचे की सभागृहाने, हा त्यातला मूळ प्रश्न होता. लंडन शहराने राजाकडे तक्रार नेली, तेव्हा त्या मिरवणुकीच्या अग्रभागी बेकफर्ड होता. आणि 23 मे 1770 रोजी राजाने निषेधपर निवेदन फेटाळून लावल्यावर, राजाच्या उत्तराला प्रत्युत्तर द्यायचे नाही हा दरबारी संकेत मोडून, तो तेथेच बोलला. राजाला त्याच्या प्रजेपासून दूर नेणारे लोकच राजाचे आणि राज्यघटनेचे शत्रू होत, असा त्या बोलण्याचा आशय होता. पुढे सर्व लोकशाही देशांनी मान्य केलेले तत्त्व या माणसाने राजाच्या तोंडावर सांगितले.

उत्तरपक्ष : त्या प्रसंगाचे मोल उत्तरपक्ष नाकारत नाही. मात्र चौथऱ्यावरील शब्द जसेच्या तसे बेकफर्डचे आहेत असे आपण गृहीत धरता, तेव्हा ते आपणच रचले असा दावा विल्क्सचा सहकारी जॉन हॉर्न याने नंतर केला होता, हेही नमूद व्हावे. पण हा मुद्दा गौण आहे. मुख्य प्रश्न असा की, राजासमोर न वाकण्याची ऐपत या माणसाकडे कोठून आली? अठराव्या शतकातील पार्लमेंटात सरकारी पदे आणि वार्षिक तनखे वाटून सभासद मिंधे केले जात, आणि बेकफर्ड स्वतःला या मिंधेपणापासून मुक्त म्हणवून घेई. त्याला मंत्र्याकडून काही नको होते हे खरे, कारण जमेकातील सुमारे 13 साखरमळे आणि तेथे राबणारी सुमारे 3000 गुलाम माणसे त्याच्या मालकीची होती. इंग्लंडमधील त्याचा ताठ कणा ज्या उत्पन्नावर उभा होता, ते उत्पन्न कसे निर्माण होत असे हे सांगितल्याशिवाय त्याचे स्वातंत्र्यप्रेम सांगणे म्हणजे हिशेबाच्या वहीतील एकच पान वाचून दाखवणे होय.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजायला सोपे आहे, कारण गुऱ्हाळ त्याने पाहिलेले असते. ऊस तोडल्यावर रस लवकर काढला नाही तर तो आंबतो आणि वाया जातो. म्हणून तोडणीच्या काही महिन्यांत जमेकातील चरक रात्रंदिवस चालत, आणि माणसांना पाळीपाळीने दिवसा मळ्यात व रात्री उकळघरात राबवले जाई. ऊस चरकात सारताना झोपेने डोळा लागला तर हात लाटांत ओढला जाई. तो तोडण्यासाठी चरकाजवळ धारदार शस्त्र ठेवण्याची रीत कॅरिबियन मळ्यांच्या तत्कालीन वर्णनांत नोंदलेली आहे. रस एकामागून एक लहान होत जाणाऱ्या तांब्याच्या कढयांत आटवला जाई, मग दाणेदार झालेला पाक भांड्यांत भरून त्यातली काकवी निथळू दिली जाई, आणि त्या काकवीपासून रम नावाची दारू गाळली जाई. साखर आणि रम जहाजांनी इंग्लंडला जात. येथे गुऱ्हाळाशी असलेले साम्य संपते, कारण हे काम करणारी माणसे पश्चिम आफ्रिकेतून पकडून, विकत घेऊन आणलेली होती, त्यांची मुले जन्मतःच मालकाची मत्ता ठरत, आणि मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर होते की जन्मांनी ती संख्या भरून निघत नसे व नवी माणसे सतत विकत आणावी लागत. त्या बेटावरील दहांपैकी सुमारे नऊ माणसे गुलाम होती. लंडनमधील स्वतंत्र माणूस घडवण्यासाठी जमेकात हे यंत्र चालत होते.

पूर्वपक्ष : हे वर्णन अंगावर काटा आणणारे आहे आणि ते खोटे नाही. परंतु इतिहासकाराने माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोजावे हा नियम आपणही इतरत्र पाळता. त्या काळी इंग्लंडच्या कायद्याने हा व्यापार वैध होता. लंडनचे विमेदार, सावकार, जहाजमालक, साखर शुद्ध करणारे कारखानदार आणि रोज चहात साखर घालणारे लाखो लोक त्यात गुंतलेले होते. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा 1807 मध्ये झाला आणि ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा 1833 मध्ये, म्हणजे बेकफर्डच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. सगळ्या समाजाचे पाप एकाच माणसाच्या माथी मारणे आणि त्याने जे वेगळे केले त्याचे श्रेय मात्र नाकारणे, हा न्याय नव्हे.

उत्तरपक्ष : काळाचे माप लावायचेच असेल तर ते नेमके लावू या. साल 1767, ठिकाण मॅन्शन हाउस, म्हणजे लंडनच्या महापौराचे अधिकृत निवासस्थान, आणि प्रकरण जोनाथन स्ट्राँग नावाच्या तरुणाचे. डेव्हिड लायल नावाच्या बार्बाडोसहून आलेल्या वकिलाने या आफ्रिकी वंशाच्या तरुणाला पिस्तुलाच्या दस्त्याने डोक्यावर इतके मारले होते की तो जवळजवळ आंधळा व लंगडा झाला, आणि निरुपयोगी समजून 1765 मध्ये त्याला रस्त्यावर सोडून दिले. लंडनमध्ये गोरगरिबांना फुकट औषधोपचार करणारा एक शस्त्रवैद्य आणि त्याचा भाऊ ग्रॅनव्हिल शार्प यांनी त्याला रुग्णालयात ठेवून बरे केले. दोन वर्षांनी लायलने त्याला धडधाकट पाहिले, पकडवून तुरुंगात ठेवले आणि एका जमेकाच्या मळेवाल्याला 30 पौंडांना विकले. शार्पने महापौराकडे दाद मागितली. त्या वर्षीचे महापौर सर रॉबर्ट काइट होते. 18 सप्टेंबर 1767 रोजी त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि या तरुणाने काही चोरलेले नाही, कोणताही गुन्हा केलेला नाही, म्हणून तो जायला मोकळा आहे, असे सांगितले. त्याला जमेकाला नेणार असलेल्या जहाजाच्या कप्तानाने तेथेच त्याचा दंड धरला तेव्हा शार्पने त्याच्यावर हल्ल्याचा खटला भरण्याची ताकीद दिली आणि कप्तानाने हात सोडला.

शहर तेच, पद तेच, आणि मधले अंतर बेकफर्डच्या दुसऱ्या निवडीपासून जेमतेम दोन वर्षांचे. ज्या 1769 साली बेकफर्ड पुन्हा महापौर झाला, त्याच साली शार्पने इंग्लंडमध्ये गुलामगिरी चालू देणे अन्याय्य आणि घातक आहे असे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि त्याच साली लंडनच्या एका वृत्तपत्रात आलेल्या उपहासपर कवितेने बेकफर्डच्या स्वातंत्र्यप्रेमातील आणि त्याच्या स्वतःच्या गुलामांतील विसंगतीवर बोट ठेवले. म्हणजे या विसंगतीचा शोध एकविसाव्या शतकाने लावलेला नाही. बेकफर्डच्या शहरातील वाचकांना ती तेव्हाच दिसत होती. काळाचे माप दोन प्रकारचे होते, आणि त्यांपैकी कोणते हाती घ्यायचे याची निवड त्या काळच्या माणसांना करता येत होती.

पूर्वपक्ष : काइट यांचा निर्णय अत्यंत मर्यादित होता, गुलामगिरी वैध की अवैध याबद्दल त्यांनी काहीच ठरवले नाही. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाचा या प्रश्नावरील गाजलेला निकाल यायला 1772 साल उजाडले. तेव्हा एका महापौराच्या एका आदेशावरून दुसऱ्या महापौराचे सारे आयुष्य खोडून काढता येणार नाही. शिवाय भारतीय वाचकाने बेकफर्डचे एक कार्य विसरू नये. ईस्ट इंडिया कंपनीला 1765 मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, मिळाला आणि तिच्या भागधारकांत लाभांशासाठी चढाओढ लागली. एका व्यापारी कंपनीने कोट्यवधी लोकांवर राज्य करावे आणि त्याचा हिशेब कोणालाच देऊ नये, या स्थितीला नोव्हेंबर 1766 मध्ये पार्लमेंटात आव्हान देऊन चौकशीचा प्रस्ताव मांडणारा सभासद बेकफर्डच होता.

उत्तरपक्ष : प्रस्ताव त्याने मांडला, ही गोष्ट खरी. पण त्या चौकशीतून काय निघाले? बंगालचा महसूल कंपनीचा की राजसत्तेचा, हा त्यातला वाद होता, आणि 1767 मध्ये तडजोड झाली ती अशी की कंपनीने दरसाल 4,00,000 पौंड ब्रिटिश खजिन्यात भरावेत. तो पैसा पुन्हा बंगालच्या रयतेकडूनच यायचा होता. बेकफर्डच्या दुसऱ्या महापौरपदाच्या काळात, 1769-70 मध्ये, बंगाल दुष्काळात होरपळत होता आणि माणसे लाखोंनी मरत होती; त्या चौकशीतून त्यांच्या वाट्याला काही आले नव्हते. लुटीचा वाटा कोणाला मिळावा हा प्रश्न आणि लूट व्हावी काय हा प्रश्न, यांत भेद केला पाहिजे, आणि बेकफर्ड पहिल्या प्रश्नापुढे गेला नाही. हाच माणूस 1758 मध्ये विल्यम पिट या आपल्या राजकीय नेत्याला पत्र लिहून फ्रान्सच्या ताब्यातील मार्टिनीक हे साखरेचे बेट जिंकण्याचा आग्रह धरत होता.

येथे वादातून थोडे बाजूला होऊन एक नोंद करणे अवश्य आहे. लंडनची ही नगरव्यवस्था भारतालाही अपरिचित नव्हती: 1726 च्या सनदेने मुंबई व कलकत्ता येथे मेयर आणि नऊ ऑल्डरमन यांची न्यायालये स्थापन झाली व मद्रासच्या जुन्या नगरसंस्थेलाही तेच रूप मिळाले. त्यामुळे बेकफर्ड ज्या संस्थेचा प्रमुख होता तिची धाकटी प्रतिकृती, कंपनीच्या छत्राखाली का होईना, मुंबई बेटावर त्याच्या हयातीत काम करीत होती.

पूर्वपक्ष : मग आपल्या मते मिडलसेक्सच्या मतदारांचा हक्क, पार्लमेंटची मुदत कमी करण्याची मागणी, सरकारी पदाधिकाऱ्यांना सभागृहातून दूर ठेवण्याची व अधिक समान प्रतिनिधित्वाची मागणी, या सर्व गोष्टी त्यांच्या पुरस्कर्त्याच्या पापाने बाटतात काय?

उत्तरपक्ष : मुळीच नाही. तत्त्व खरे असेल तर ते कोणाच्याही तोंडून खरेच राहते. आक्षेप आहे तो तत्त्वाला घातलेल्या कुंपणावर. 1760 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, जमेकाच्या सेंट मेरी परगण्यात टॅकी नावाच्या नेत्याबरोबर गुलामांनी बंड केले आणि ते पश्चिमेकडील परगण्यांत पसरले. ते पुरते मोडून काढायला वर्षाहून अधिक काळ लागला. सुमारे साठ गोरे मारले गेले, शेकडो बंडखोर लढाईत, फाशीने आणि अंगावर शहारे आणणाऱ्या देहदंडांनी मारले गेले, आणि आणखी शेकडोंना दुसऱ्या वसाहतींत विकून हद्दपार करण्यात आले. त्यांनाही राजाच्या, कायद्याच्या आणि मालकाच्या जुलमाविरुद्ध उठायचे होते. विल्क्सच्या हक्कासाठी राजासमोर उभा राहिलेला महापौर या माणसांच्या हक्काच्या प्रश्नावर शत्रुपक्षात होता. अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्यांना जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा संवादरूप ग्रंथ अर्पण केला, तेव्हा एका देशातील दास्याची कथा दुसऱ्या देशातील पीडितांना आपली वाटू शकते हे मराठी वाचकाने स्वतःच्या भाषेत पाहिले आहे. म्हणून जमेकाचा प्रश्न दूरचा म्हणून सोडून देण्याची मुभा त्याला तरी नाही.

वाद येथवर आल्यावर प्रस्तुत लेखाचा कौल देणे भाग आहे, आणि तो दोन्ही पक्षांना समसमान माप देणारा नाही. बेकफर्डचे चांगले आणि वाईट अशा दोन याद्या करून बेरीज-वजाबाकी करण्याची सवय चरित्रलेखकांत रूढ आहे, आणि पूर्वपक्षाची सारी भिस्त तिच्यावर आहे. पण या माणसाच्या बाबतीत त्या दोन याद्या वेगळ्या होतच नाहीत. लंडन शहराची स्वायत्तता आणि जमेकातील विधिसभेची स्वायत्तता या त्याच्या दृष्टीने एकाच हक्काची दोन रूपे होती: मालमत्ता असलेल्या पुरुषांच्या कारभारात राजाने वा मंत्र्याने ढवळाढवळ करू नये. लंडनमध्ये या हक्काने मतदाराचे रक्षण झाले. जमेकात त्याच हक्काने, ज्या सभेचे अध्यक्षपद त्याच्या वडिलांनी भूषवले होते तिला, माणसांना मालमत्ता ठरवणारे कायदे करू दिले. बेकफर्डच्या मनात यात विसंगती नसावी, कारण गुलाम ही त्याच्या लेखी हक्क असलेली व्यक्ती नव्हतीच. आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्याविरुद्धचा सर्वांत गंभीर पुरावा आहे. जोनाथन स्ट्राँगला महापौरासमोर उभे करणाऱ्या शार्पला त्याच शहरात, त्याच वर्षांत, स्ट्राँग हा माणूस दिसला होता.

पुतळ्याविषयी उत्तर त्यामानाने सरळ आहे. तो काढून गोदामात ठेवल्याने साखरेच्या पैशाने नगराची पदे कशी मिळवली गेली याचा एक दृश्य पुरावा नाहीसा झाला असता, आणि तो 1772 मध्ये होता तसाच ठेवला असता तर शोकमग्न बसलेल्या लंडन आणि व्यापार यांच्या प्रतिमांनी वेढलेला एक पुण्यपुरुष पिढ्यान्‌पिढ्या लोकांना दिसत राहिला असता. खुलाशासह ठेवण्याचा निर्णय म्हणून योग्य, परंतु तो खुलासा सोनेरी अक्षरांइतकाच सहज वाचता आला पाहिजे. चरित्रकारांची जबाबदारी याहून मोठी आहे. बेकफर्डवर लिहिताना जमेका बालपणाच्या प्रकरणात आटोपून पुढची सारी प्रकरणे लंडनला द्यायची, ही पद्धत आता सोडली पाहिजे, कारण 23 मे 1770 रोजी राजासमोर उभे राहून घटनेची बाजू मांडणारा महापौर त्या दिवशीही सुमारे 3000 माणसांचा मालक होता.